शब्द वेगळे, रचना एक : भाषोद्भवाची संगणकीय प्रतिरूपे आणि कुपवाडची साक्ष

१

एप्रिल १९६८ मध्ये जमैकातील मोना येथे पिजिन व क्रिओल भाषांचा विचार करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. या परिषदेतून सिद्ध झालेला आणि डेल हाइम्स यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. बेटांवरच्या, बंदरांवरच्या आणि ऊसमळ्यांवरच्या मिश्रभाषांना वाहिलेल्या या ग्रंथात दोन निबंध मराठी मुलखाविषयी आहेत, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांच्या फारशी ध्यानात राहिलेली नाही. त्यांपैकी एक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा असून त्याचा विषय आजच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड हे गाव आहे. दुसरा फ्रँकलिन साऊथवर्थ यांचा. मराठी भाषेच्या उगमाशी क्रिओलीकरणाची प्रक्रिया असावी काय, असा प्रश्न त्यात उपस्थित केलेला आहे.

या दोन निबंधांनी विचारलेला प्रश्न पुढच्या काळात संगणकाच्या पडद्यावर नव्याने मांडला गेला. माणसांचा एखादा समूह एकत्र आला असता त्यांच्यात समान भाषा कशी निर्माण होते, ती पिढ्यांगणिक कशी बदलते आणि दोन समूह शेजारी नांदले तर त्यांच्या भाषांचे काय होते, याचा शोध घेण्यासाठी गेल्या सहा दशकांत संगणकीय प्रतिरूपणाचा, म्हणजे रूढ शब्दात सिम्युलेशनचा, अवलंब झालेला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा इतिहास संक्षेपाने मांडून तो कुपवाडच्या साक्षीशी ताडून पाहावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : बहुतेक प्रतिरूपांनी 'एकमेकांना समजणे' हेच भाषाव्यवहाराचे एकमेव यश मानले; कुपवाडच्या लोकांनी मात्र एकमेकांना समजणे आणि एकमेकांपासून वेगळे राहणे, ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधली. या दुहेरी उद्दिष्टाचा ठसा त्यांच्या व्याकरणावर आणि शब्दसंग्रहावर परस्परविरुद्ध रीतीने उमटला आहे. भाषांचा संपर्क आणि साहित्यांचा संपर्क यांचा तौलनिक विचार करणाऱ्याला या विरोधाची दखल घेणे भाग आहे.

२

प्रश्न जुना आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे की तो संकेताने ठरलेला आहे, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद शतकानुशतके चालला. या वादात लहान मूल भाषा कसे शिकते याचे जे विवेचन येते, ते आजच्या अभ्यासकालाही विचारात पाडणारे आहे. घरातील एक वडीलधारा दुसऱ्याला 'गाय आण' असे सांगतो आणि दुसरा गाय आणतो. पुढे 'घोडा आण', 'गाय बांध' अशी वाक्ये कानी पडतात. बाजूला उभे असलेले मूल कोणता शब्द राहिला आणि कोणता बदलला, कोणती कृती राहिली आणि कोणती बदलली, हे जुळवीत जाऊन एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. यालाच वृद्धव्यवहार म्हटले गेले आणि शब्द घालून-काढून पाहण्याच्या या पद्धतीला आवाप-उद्वाप असे नाव मिळाले. भाषा ही व्याख्येने शिकविली जात नाही, दुसऱ्यांच्या व्यवहाराकडे पाहून ती उचलली जाते, हा यातील मर्माचा भाग होय.

आधुनिक भाषाविज्ञानात या व्यवहाराचे गणित मांडण्याची कल्पना लिओनार्ड ब्लूमफील्ड यांच्या १९३३ च्या 'लँग्वेज' या ग्रंथात आढळते. भाषिक समाजातील प्रत्येक माणसासाठी एक ठिपका काढावा आणि कोणी कोणाशी बोलले की त्या दिशेने एक बाण काढावा. असा महाप्रचंड तक्ता मिळाला तर बाणांची दाटी जिथे अधिक तिथे भाषेचे साम्य अधिक, आणि जिथे दाटी विरळ तिथे बोलींच्या सीमारेषा, असे दिसून येईल, ही त्यांची धारणा होती. असा तक्ता प्रत्यक्षात कोणालाही काढता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. तो माणसाला काढता आला नाही, तरी यंत्राला निदान त्याचे लहानसे रूप उभे करता येईल, हा विचार मात्र संगणक हाती आल्यावर फार काळ दूर राहिला नाही.

१९६६ साली शेल्डन क्लाइन यांनी भाषेतील ऐतिहासिक परिवर्तनाचे प्रतिरूपण करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक कृत्रिम भाषकाला स्वतःचे एक व्याकरण होते, कोण कोणाशी बोलेल हे संभाव्यतेने ठरत होते, आणि संभाषणातून व्याकरणाचे नियम एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. १९६९ मध्ये क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत टिकोपिया आणि माओरी या पॅसिफिकमधील भाषांना लावून पाहिली. म्हणजे मोनाची परिषद आणि भाषापरिवर्तनाची पहिली संगणकीय प्रतिरूपे ही एकाच काळाची अपत्ये आहेत. परंतु या दोन प्रवाहांची गाठ तेव्हा पडली नाही आणि क्लाइन यांचे काम दीर्घकाळ एकाकी राहिले.

३

या विषयाला खरी चालना मिळाली ती १९९० नंतर. लुक स्टील्स यांनी १९९५ च्या सुमारास मांडलेला नामकरणाचा खेळ हे या पर्वाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणता येईल. त्याची रीत साधी आहे. काही कृत्रिम भाषक आहेत आणि त्यांच्यासमोर काही वस्तू आहेत. प्रारंभी कोणालाही कोणत्याही वस्तूचे नाव ठाऊक नाही. दोघांची योगायोगाने गाठ पडते. एक जण वस्तू मनाशी धरून तिला नाव देतो, दुसरा त्या नावावरून वस्तू ओळखू पाहतो. ओळख पटली तर ते नाव दोघांच्या स्मृतीत बळावते आणि स्पर्धेतील इतर नावे मागे पडतात. न पटल्यास ऐकणारा ते नवे नाव आपल्या साठ्यात घालतो. अशा भेटी हजारोंच्या संख्येने होऊ दिल्या की आरंभी नावांची अतोनात गर्दी होते, आणि मग बऱ्याच वेगाने ती ओसरून एका वस्तूसाठी एकच नाव उरते. कोणी हुकूम काढला नाही, कोणी कोश रचला नाही. तरी संकेत ठरला. १९९९ मध्ये स्टील्स यांनी 'टॉकिंग हेड्स' या प्रयोगात हाच खेळ कॅमेऱ्याचे डोळे असलेल्या यंत्रांना फळ्यावरील रंगीत आकृत्यांविषयी खेळावयास लावला. २००६ मध्ये आंद्रेआ बारोंकेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे सर्वांत सुटसुटीत रूप सिद्ध करून त्याचे गणित मांडले.

दुसरी धारा सायमन कर्बी यांची. त्यांचे लक्ष एका पिढीतील सहमतीपेक्षा पिढ्यांच्या साखळीकडे आहे. एका पिढीची भाषा पुढच्या पिढीच्या कानी संपूर्णपणे कधीच पडत नाही. तिचा काही अंशच पडतो. त्या तुटपुंज्या सामग्रीवरून शिकणाऱ्याला न ऐकलेली वाक्येही बोलावी लागतात. अशा अरुंद वाटेतून भाषा पुन्हा पुन्हा गेली की मुळात अखंड, अविभाज्य असलेल्या उक्तींचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांच्या जोडणीचे नियम तयार होतात, असे त्यांच्या प्रतिरूपांत दिसून आले. २००८ मध्ये हाच प्रयोग माणसांवर केला असताही साधारण तोच कल आढळला. वृद्धव्यवहारातील मूल 'गाय' आणि 'आण' यांना जसे वेगळे करते, तसेच हे घडते. फरक इतकाच की तेथे भाषा आधीच रचनाबद्ध आहे आणि येथे शिकण्याच्या क्रियेतूनच रचना जन्माला येते.

या प्रतिरूपांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भाषेतील व्यवस्था कोणा एका कर्त्याच्या हेतूशिवाय उद्भवू शकते, ही गोष्ट तर्काने सांगणे वेगळे आणि डोळ्यांसमोर घडताना पाहणे वेगळे. तथापि त्यांच्या प्राथमिक रूपात एक गृहीतक दडलेले आहे. तेथे कोणीही कोणालाही भेटू शकतो, भेटलेले दोघे समान पातळीवर असतात, आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी असते : समोरच्याला कळावे. या गृहीतकाची परीक्षा भारतातील गावांत आधीच होऊन गेली होती.

४

गंपर्झ यांनी १९५८ साली दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ८० मैलांवरील, सहारनपूर जिल्ह्यातील खालापूर या गावच्या बोलीभेदांवर निबंध लिहिला. ब्लूमफील्ड यांचा तक्ता खरा मानला तर तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची बोली राजपुतांच्या बोलीशी एकरूप व्हावयास हवी होती. कारण त्या जातींतील माणसे दिवसाचा मोठा भाग राजपुतांच्या शेतात आणि घरी राबत होती. बाणांची दाटी भरपूर होती. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या उच्चारांत स्पष्ट भेद टिकून होते. गंपर्झ यांचा निष्कर्ष असा की बोलण्याच्या प्रसंगांची नुसती संख्या निर्णायक ठरत नाही. कोण कोणाशी मैत्रीने, मोकळेपणाने, कामाच्या बाहेर बोलतो, यावर भाषिक साम्य अवलंबून असते. धन्याची आज्ञा ऐकणे हाही एक बाणच. परंतु तो बाण बोली वाहून नेत नाही.

पुढे गंपर्झ यांनी दिल्ली शहरातील हिंदी आणि पंजाबी यांच्या सरमिसळीचा अभ्यास केला आणि तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. फाळणीनंतर दिल्लीत मोठ्या संख्येने आलेल्या पंजाबी भाषकांमुळे या शहराचे भाषिक रूप पालटले होते. बोलताबोलता एका भाषेतून दुसरीत जाणाऱ्या द्विभाषकांच्या उक्ती तपासल्या असता, दोन्ही भाषांची वाक्यरचना जवळपास एकच झालेली असून भेद मुख्यतः काही प्रत्ययांत आणि शब्दांत उरला आहे, असे त्यांना आढळले. एका गावात नित्य संपर्क असूनही भेद टिकला. एका महानगरात दोन भाषांचे सांगाडे एकमेकांत मिसळून गेले. या दोन निरीक्षणांच्या पाठोपाठ कुपवाडचा अभ्यास येतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची दिशा स्पष्ट होते.

कुपवाड हे तेव्हा सुमारे ३,००० वस्तीचे, मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरील गाव. जैन जमीनदार आणि लिंगायत घरात कन्नड बोलत. मुसलमान शेतकरी उर्दू बोलत. अस्पृश्य मानले गेलेले आणि भूमिहीन मजूर मराठी बोलत. दोरखंड वळणाऱ्यांच्या एका लहानशा समूहाची भाषा तेलुगू होती. हे समूह शतकानुशतके शेजारी नांदत आले होते आणि गावातील बहुतेक सर्व पुरुष दोन किंवा अधिक भाषा बोलत. वेगवेगळ्या समूहांतील माणसांच्या व्यवहारासाठी प्रामुख्याने मराठी वापरली जाई. गावातील प्रबळ कुटुंबांपैकी कोणाचीही ती घरची भाषा नव्हती, त्यामुळे ती वापरल्याने कोणी कोणाच्या घरात शिरत नव्हते.

या दीर्घ सहवासाचा परिणाम व्याकरणावर झाला. प्रमाण मराठीत दगड पुल्लिंगी, वाट स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी आहे. कुपवाडच्या मराठीत मात्र, कन्नडप्रमाणे, पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि उरलेले सर्व नपुंसकलिंगी, अशी व्यवस्था गंपर्झ-विल्सन यांना आढळली. प्रमाण कन्नडमध्ये 'हे घर मोठे' अशा धर्तीच्या वाक्यात 'आहे'सारख्या क्रियापदाची गरज नसते. कुपवाडच्या कन्नडने मराठीप्रमाणे ते क्रियापद घेतले. प्रमाण उर्दूला 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद ठाऊक नाही. कुपवाडच्या उर्दूने तो मराठीकडून उचलला. अशा अनेक बदलांची बेरीज होऊन तिन्ही भाषांतील वाक्ये घटकागणिक एकमेकांसमोर मांडता येतील इतकी समांतर झाली. एका भाषेतील प्रत्येक पदाच्या जागी दुसऱ्या भाषेतील पद ठेवले की दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार होते. व्याकरण एक, शब्दसंग्रह तीन, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

५

आता नामकरणाच्या खेळाकडे परत वळू. त्या खेळाचा सिद्धान्त असा की परस्परव्यवहार वाढला की शब्द एक होतात. कुपवाडात परस्परव्यवहार पिढ्यान् पिढ्या अखंड चालला. आणि नेमके शब्दच एक झाले नाहीत. जे एक झाले ते शब्दांच्या खालचे, सहसा बोलणाऱ्याच्या लक्षात न येणारे वळण. संगणकीय समाजात जी गोष्ट सर्वांत आधी जुळते ती प्रत्यक्ष समाजात सर्वांत शेवटी जुळली, किंबहुना जुळूच दिली गेली नाही.

याचे कारण गंपर्झ-विल्सन यांच्या विवेचनात सूचित आहे. शब्द ऐकू येतो. तो घराचे, जातीचे, पंथाचे निशाण होऊ शकतो. लिंगव्यवस्था किंवा क्रियापदाची जागा हे निशाण म्हणून मिरविता येत नाही. रोज तीन भाषांत बोलणाऱ्या माणसाला तीन स्वतंत्र व्याकरणे डोक्यात वागविण्याचा भार हलका करावासा वाटतो. पण आपण कोण हे सांगणारा शब्द सोडावासा वाटत नाही. म्हणून जे दिसत नाही ते एक होते आणि जे दिसते ते वेगळे राखले जाते. खालापुरात हाच न्याय उच्चाराच्या बाबतीत दिसतो. प्रतिरूपाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कृत्रिम भाषकाला 'कळले' यासाठी गुण मिळतात, तसे 'मी तुमच्यातला नव्हे, हेही कळले' यासाठीही गुण मिळावयास हवेत.

दुसरा मुद्दा भाषांच्या मरणाविषयीचा. २००३ साली डॅनियल अब्रॅम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी 'नेचर' या नियतकालिकात भाषाऱ्हासाचे एक छोटे गणिती प्रतिरूप मांडले. स्कॉटिश गेलिक, वेल्श आणि केचुआ यांच्या ऱ्हासाच्या आकड्यांशी ते जुळत होते. त्यात प्रत्येक माणूस एकभाषक मानला होता, आणि निष्कर्ष असा निघाला की दोन स्पर्धक भाषांपैकी एक अखेरीस नाहीशी होणारच. द्विभाषकांना जागाच न दिल्यावर यापेक्षा निराळे काय निघणार? २००५ मध्ये होर्हे मिरा आणि अँखेल पारेदेस यांनी गॅलिशियन आणि स्पॅनिश यांच्या संदर्भात त्या प्रतिरूपात द्विभाषक आणले आणि भाषांतील साम्याची मात्रा आणली. तेव्हा, साम्य पुरेसे असल्यास, दोन्ही भाषा टिकू शकतात असे दिसले. ही सुधारणा महत्त्वाची आहे. तथापि तेथे साम्य हे आधीच ठरलेले परिमाण आहे. कुपवाडच्या कन्नड आणि मराठी या तर वेगळ्या कुळांतील भाषा. त्यांच्यातील साम्य सहवासानेच घडविले. भाषा जवळ होत्या म्हणून शेजारी टिकल्या, असे येथे म्हणता येत नाही. शेजारी टिकाव्यात म्हणून त्या जवळ सरकल्या, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

तिसरा मुद्दा विषमतेचा. या बाबतीत प्रतिरूपकारांनी पुढे बरीच वाटचाल केली, हे नमूद केले पाहिजे. डॅनियल नेटल यांनी १९९९ मध्ये असे दाखविले की सर्वांचा प्रभाव सारखा मानला तर भाषेत नवा बदल रुजणेच दुष्कर होते. काहींचा प्रभाव इतरांहून फार मोठा असावा लागतो. २०१० मध्ये झुझाना फाग्याल आणि सहकाऱ्यांनी संपर्कजालाच्या केंद्रातील आणि परिघावरील भाषकांच्या भूमिका वेगळ्या करून दाखविल्या. २०२५ मध्ये तर बारोंकेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नामकरणाचा खेळ मोठ्या भाषा-प्रारूपांच्या, म्हणजे संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, समूहांना खेळावयास लावला. समूहात संकेत आपोआप ठरले, एकेकट्या घटकात नसलेला कल समूहात उत्पन्न झाला, आणि ठाम राहणाऱ्या अल्पसंख्याकांना रूढ संकेत उलटविता आला. परंतु प्रभाव कमी-अधिक असणे ही एक गोष्ट आणि संपर्काची वाटच अडविलेली असणे ही दुसरी. जातीची सीमा संपर्कजालात 'बाण कमी' अशी दिसत नाही. तेथे बाण पुष्कळ असतात, मात्र ते एका विशिष्ट प्रकारचे, वरून खाली येणारे असतात. खालापूरचा धडा अद्याप बहुतेक प्रतिरूपांच्या बाहेरच आहे.

६

साऊथवर्थ यांच्या निबंधाकडे या पार्श्वभूमीवर पाहणे उद्‌बोधक ठरेल. मराठीवरील द्राविडी भाषांच्या ठशाची चर्चा त्यांच्या आधीपासून चालत आली होती. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद, दुसऱ्याचे बोलणे 'म्हणून' या पदाने बांधून घेण्याची रीत, अक्का-अण्णांसारखे नातेवाचक शब्द ही त्यांपैकी सर्वपरिचित उदाहरणे. १९५६ मध्ये मरे एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, ही कल्पना मांडली तेव्हा अशाच साम्यांचा आधार घेतला होता. साऊथवर्थ एक पाऊल पुढे गेले. हे साम्य केवळ शेजाराचे नसून, विषम समाजातील आर्यभाषक आणि द्राविडभाषक गटांच्या व्यवहारातून निर्माण झालेल्या पिजिनसदृश भाषेचा तो अवशेष असावा, असे त्यांनी सुचविले.

हे मत सर्वमान्य झाले नाही. मराठीची तीन लिंगे, तिची सामान्यरूपे, तिची गुंतागुंतीची क्रियापदव्यवस्था हे सारे क्रिओल भाषांच्या परिचित चित्राशी सहजासहजी जुळत नाही. परंतु आपल्या दृष्टीने साऊथवर्थ यांचा प्रश्नच अधिक मोलाचा आहे. भाषेच्या इतिहासातून समाजाची जुनी उतरंड वाचता येईल काय? ज्यूल ब्लॉक यांच्यापासूनची मराठीची ऐतिहासिक व्याकरणे भाषेला एका वंशवृक्षाच्या फांदीसारखे पाहतात. फांदीला शेजारी नसतो. कुपवाडच्या साक्षीने निदान इतके सिद्ध होते की वेगळ्या कुळांतील भाषांची वाक्यरचना क्रिओलीकरणाशिवाय, कोणाचीही भाषा न मोडता, दीर्घ द्विभाषकतेनेही एकवटू शकते. मराठीच्या घडणीत या दोन प्रक्रियांपैकी कोणती किती होती, हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारता येतो तो १९७१ च्या या दोन निबंधांना शेजारी ठेवल्यावरच. प्रतिरूपणाचा उपयोगही येथेच आहे : दोन्ही प्रक्रिया यंत्रात चालवून त्यांचे शेवट कोणत्या खुणांनी वेगळे पडतात, हे तपासता येईल.

७

इतिहास १९७१ ला थांबला नाही. मे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर मराठी ही शाळेची आणि सरकारी कामकाजाची भाषा झाली. कुपवाडच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९९८ मध्ये हे गाव सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत सामावले गेले. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतर कुपवाडचा पुन्हा अभ्यास करून २०१६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. शब्दागणिक भाषांतरक्षमतेच्या मूळ प्रारूपाची त्यांनी चिकित्सा केली आणि बदललेल्या राजकीय-सामाजिक परिस्थितीत मराठीचा वाढलेला प्रभाव पुढे आणला.

याचा अर्थ काय लावावा? जी मराठी 'प्रबळ कुटुंबांपैकी कोणाच्याच घरची नाही' म्हणून सर्वांना चालत होती, ती आता राज्याची भाषा झाली. तटस्थ भाषा प्रबळ भाषा झाली. संपर्कजाल तेच राहिले तरी बाणांचा अर्थ बदलला. प्रतिरूपांत भाषेची प्रतिष्ठा हा बहुधा आरंभी ठरविलेला स्थिर आकडा असतो. कुपवाडात तो आकडा राज्यपुनर्रचनेने, शाळेच्या पाठ्यपुस्तकाने आणि कारखान्याच्या दारावरील भरतीने बदलला. भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याने नेमका हा बदल टिपावयाचा असतो.

येथे आणखी एका उणिवेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९७१ च्या निबंधात गावची बहुभाषकता मुख्यतः पुरुषांच्या संदर्भात नोंदली आहे. परंतु 'घरची भाषा' ही ज्या घरात टिकली, त्या घरात मुलांच्या कानी ती प्रामुख्याने कोणाच्या तोंडून पडत होती? कर्बी यांच्या साखळीतील प्रत्येक दुवा हा शिकणारे मूल असतो, आणि त्या मुलाला बोलणे ऐकविणारी व्यक्ती आपल्या गावांत बहुधा आई, आजी वा मोठी बहीण असते. बाजारात व्याकरणे एकवटली असतील. शब्द राखले गेले ते चुलीपाशी आणि जात्यापाशी. चौकातील पुरुषाचा व्यवहार आणि घरातील स्त्रीचा व्यवहार ही दोन वेगळी जाळी मानून प्रतिरूप रचले, तर एक व्याकरण आणि तीन शब्दसंग्रह ही स्थिती आपोआप उद्भवते काय, हे पाहण्याजोगे आहे.

८

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून काय घेता येईल? आपल्याकडील प्रभावाभ्यासाची रूढ पद्धत उसनवारी मोजण्याची आहे. कोणता शब्द, कोणते कथानक, कोणती प्रतिमा कोठून आली, याच्या याद्या आपण करतो, आणि यादी लांब असेल तर संपर्क दाट होता असे मानतो. कुपवाडची साक्ष याच्या उलट आहे. तेथील संपर्क इतका खोल होता की त्याने भाषेची रचना बदलली, आणि तरीही शब्दांच्या पातळीवर समूहांनी आपापले वेगळेपण राखले. केवळ शब्दांची यादी करणाऱ्या अभ्यासकाला तेथील खरा संपर्क दिसलाच नसता. साहित्यातही उसने घेतलेले जे नजरेत भरते ते पुष्कळदा वरवरच्या भेटीचे चिन्ह असते. दीर्घ शेजाराचा ठसा मांडणीत, वळणात, छंदात उतरतो आणि नावे मात्र आपापली राहतात.

मराठी-कन्नड साहित्यसंबंधांच्या विचारात ही दृष्टी उपयोगी पडावी. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात एका दैवताच्या घडणीत या प्रदेशांचे धागे कसे एकत्र आले हे उलगडले आहे. त्याच धर्तीवर स्त्रियांच्या जात्यावरील गाण्यांचा विचार करता येईल. मराठीत जात्यावरची ओवी आहे, उत्तर कर्नाटकात त्रिपदीत बांधलेली जात्यावरची गाणी आहेत. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झालेला आहे. सीमाभागातील या दोन्ही परंपरा शेजारी ठेवून, कोणती ओळ कोणी कोणाकडून घेतली हा प्रश्न क्षणभर बाजूस सारला आणि चरणांची बांधणी, संबोधनाची जागा, भावाच्या आणि माहेराच्या उल्लेखाचा क्रम यांची तुलना केली, तर रचना एक आणि शब्द दोन अशी स्थिती तेथेही आहे की नाही, हे कळू शकेल. हे काम यंत्राच्या साहाय्याने होण्यासारखे आहे. मात्र यंत्राला काय मोजावयाचे हे सांगण्यापूर्वी त्या ओव्या कोणत्या घरात, कोणत्या भाषेच्या शेजारात आणि कोणाच्या कानावर पडतील अशा रीतीने म्हटल्या गेल्या, याची नोंद हाताशी हवी.

भाषा कशी उद्भवली याचे उत्तर संगणक एकट्याने देणार नाही, आणि तसा त्याच्या जाणत्या उपासकांचा दावाही नाही. तो आपल्या गृहीतकांना उघडे पाडतो, हे त्याचे काम. सर्व समान, सर्वांना सर्वांशी बोलण्याची मुभा, आणि कळणे हेच एकमेव यश, असा समाज यंत्रात वसविला तर तेथे फार लवकर एकच भाषा उरते. आपल्या गावांत तशी एकच भाषा उरली नाही. ती का उरली नाही, याची कारणे शोधताना प्रेमाची कारणे आणि अन्यायाची कारणे वेगळी करावी लागतील. कुपवाडातील शब्दांचे वेगळेपण घरांनी जपलेला वारसा होता, तसेच ते ओलांडू न दिलेल्या उंबरठ्याचे चिन्हही होते. पुढील प्रतिरूपांत आणि पुढील तौलनिक अभ्यासांत या दोहोंची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे.